पुस्तकाची लेक

सांगली, २ मार्च २०२५

अहो,

मी पोचले. मंगलकडे आहे. हे तुम्हाला कळलेलंच असणार, कारण तुम्ही तिला फोन करून "ही आली का तिकडे?" असं विचारलंत, आणि ती म्हणाली, "ही म्हणजे कोण? इथे फक्त एक पुस्तिका आली आहे." माझी बहीण आहे ती, तिने दुसरं काय म्हणावं?

माझा फोन बंद आहे आणि बंदच राहील. फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, मध्येच शब्द दुरुस्त करता. पत्रात मध्येच बोलता येत नाही. म्हणून पत्र.

तुम्ही म्हणाल, एवढं झालं तरी काय. तुम्ही त्या दिवशी ऐकत नव्हतात, बोलत होतात, म्हणून सांगते.

मराठी भाषा गौरव दिनाचा मुहूर्त तुमचा, हॉल तुमच्या ओळखीचा, कंदी पेढे माझे. साताऱ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरीभर चौकशीच्या खिडकीत बसले. माइकवरून गाड्या सांगितल्या, त्यापेक्षा जास्त माणसं हाकारली. कोणाची सासू हरवलेली, कोणाचा नवरदेव चुकीच्या गाडीत बसलेला. त्या सगळ्यांच्या गोष्टी निवृत्त झाल्यावर लिहून काढल्या. 'हरवलेल्यांनी चौकशी खिडकीजवळ यावे' हे नाव मला सुचलं तेव्हा तुम्ही म्हणालात, नाव लांब आहे. मी म्हटलं, असू दे, घोषणा लांबच असते.

प्रकाशनाला डेपोतली सगळी आली. कंडक्टर मुली ड्यूटी संपवून खाकीतच आल्या. तुम्ही प्रमुख वक्ते, कारण दुसरा कोणी फुकट येईना. उठलात आणि म्हणालात, "आज आपण ज्याला पुस्तक म्हणतो आहोत, त्याला काटेकोरपणे पुस्तक म्हणता येणार नाही. युनेस्कोच्या व्याख्येनुसार मुखपृष्ठ वगळून किमान एकोणपन्नास पृष्ठे हवीत. ह्यात अठ्ठेचाळीस आहेत. शिवाय मधोमध पिना आहेत, पाठीवर नाव नाही. तेव्हा ही पुस्तिका."

तरीही मी पेढ्यांचं ताट धरून हसत उभी होते. मग आपले नाथाजी ड्रायव्हर मागून उठले. भाबडेपणाने विचारलं त्यांनी, "म्हणजे साहेब, मॅडमची ती मिनीबस झाली का?"

हॉल हसला. मीसुद्धा हसले. आणि तुम्ही काय म्हणालात? "उपमा समर्पक आहे."

नाथाजींचा मला राग नाही. 'समर्पक' ह्या शब्दाचा आहे. बायकोच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका समारंभात उपमेला गुण देत बसणं हा नालायकपणा आहे.

आणखी एक. मी गाडीत बसल्या बसल्या विचार केला. तुमच्या व्याकरणात ग्रंथ पुल्लिंगी. पोथी स्त्रीलिंगी, पुस्तिका स्त्रीलिंगी. म्हणजे जाड ते पुरुषांचं, बारीक ते बायकांचं. पुस्तक तरी नपुंसकलिंगी आहे, कोणालाही चालायला हरकत नव्हती.

रक्तदाबाच्या गोळ्या देवघराच्या खालच्या खणात आहेत. हे काळजीने लिहीत नाही, माहितीसाठी लिहिते.

चारुशीला


सांगली, ११ मार्च

अहो,

तुमचं पत्र मिळालं. म्हणजे माझंच मिळालं, लाल शाईत.

प्रत्येक 'ह्या'चं 'या' केलंत. 'नालायकपणा'खाली रेघ मारून समासात लिहिलंत, 'अतिशयोक्त'. शेवटी, 'आशय पोचला. गॅसचा लायटर कुठे आहे?' मंगलने ते वाचलं आणि तिला भडंगाचा ठसका लागला. पाणी देऊन पाठ चोळावी लागली.

लायटर लायटरच्या जागी आहे. त्या घरात तुम्ही इतकी वर्षं राहता, तेव्हा शोधा.

सोबतचं टिपणही वाचलं. पुस्तक ह्या शब्दाचं मूळ कातड्यापर्यंत जातं असं काही विद्वान मानतात, आणि ग्रंथ हा बांधणे, गुंफणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला, म्हणून ज्याची गाठ पक्की तो ग्रंथ. बरं झालं लिहिलंत. मग तुमचा तो सातारा-सांगली बोलीचा शब्दग्रंथ कुठल्या गाठीने बांधला आहे? आपली माया शाळेत जायला लागली तेव्हा सुरू केलात. आता मायाची मुलगी शाळेत जाते. कपाटावर बुटांची खोकी, त्यात सुट्या चिठ्ठ्या. पंखा लावला की तुमचा ग्रंथ खोलीभर उडतो आणि मी तो झाडूने गोळा करते. 'प'च्या खोक्यावर तर कधीपासून बसून आहात.

मी इथे आल्यापासून एकच काम केलं, कान उघडे ठेवले. मंगल बँकेत निघाली की म्हणते, "माझं पुस्तक कुठं ठेवलं?" बँकेचं, चार पानांचं. ते पुस्तक. गॅसवाला विचारतो, "मावशी, पुस्तक आहे का?" आपल्या डेपोत खिळ्याला टांगलेलं असायचं ते तक्रार पुस्तक. त्यात शिव्या लिहायचे लोक, तरी पुस्तक. धनादेशांचं पुस्तक, पाककृतींचं पुस्तक. ह्या सगळ्यांना युनेस्कोने सोडलं आणि माझ्यावर नेम धरला.

असो. मी इथे रुसून बसायला आले नाही. पान वाढवायला आले आहे.

मंगलच्या ओळखीचा एक छापखाना आहे, यशराज म्हणून मुलगा चालवतो. त्याला म्हटलं, "बाळ, मला एक पान वाढवून हवंय."

तो म्हणाला, "एक पान वाढत नसतंय, काकू. सुटं चिकटवलं तर पहिल्याच वाचनात हातात येतंय. वाढवायचं तर चार वाढवा, न्हाईतर अख्खा फर्मा करू. सोळा पानांचा. चारात कागद लय वाया जातोय."

बावन्न केली असती तर युनेस्को गप्प बसली असती. पण मला तुम्ही गप्प बसायला हवे होतात. म्हटलं, अख्खा फर्मा कर. त्याने विचारलं, "मजकूर आहे का तेवढा?" मी म्हटलं, "आहे की." नाहीये. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण शाईने लिहिलेलं खोडलं की तुम्ही त्यावरही शेरा माराल.

यशराज म्हणतो, जाड कागद घेतला तर पिना काढून पाठ बांधता येईल. पाठीवर नाव बसेल, बारीक का असेना.

नाथाजींनी मंगलच्या फोनवर फोन केला होता. म्हणाले, "मॅडम, मिनीबसचं मनावर घेऊ नका. घाटात मिनीबसच बरी." त्यांना मी क्षमा केली आहे. एकट्या त्यांना.

चारुशीला

(दूध उतू गेलं असेल तर बर्नरची भोकं टाचणीने साफ करायची असतात.)


कवठे महांकाळ, १९ मार्च

अहो,

पत्ता बघून दचकू नका. मंगलला घेऊन आले आहे, उद्या परत सांगलीला जाणार. मजकूर शोधत होते. मनात आलं, ज्यांना माइकवरून हाकारलं त्यांचं पुढे काय झालं, हे मला तरी कुठे माहीत आहे? तेच लिहावं. म्हणून धोंडुबाईंना शोधलं.

धोंडुबाई म्हणजे माझ्या... माझ्या छापील वस्तूतल्या बाराव्या पानावरच्या. तुम्ही वाचलं नसेल, मोजलं असेल, म्हणून सांगते. कडेवर तान्ही मुलगी घेऊन त्या खिडकीशी आल्या होत्या. नवरा स्टँडवर कुठेतरी आहे, त्याला बोलवा म्हणाल्या. नाव विचारलं तर, "मालकाचं नाव कसं घिऊ?" शेवटी मुलीचं नाव विचारलं आणि घोषणा केली, "सृष्टीच्या वडिलांनी त्वरित चौकशी खिडकीजवळ यावे." कोणी येईना. मग मी पुढे जोडलं, "सृष्टी रडत आहे." शेवटी मी लिहिलंय, 'आणि ते आले.'

त्यांचा नवरा सिद्धू आता म्हातारा झालाय. मेंढरं थोडीच राहिली, बाकी द्राक्षाची बाग. सध्या बेदाण्याचा हंगाम, सगळे शेडमध्ये. आम्हाला तिथेच पोत्यावर बसवलं आणि मूठभर बेदाणे हातात दिले. मी त्यांची गोष्ट वाचून दाखवली. धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. सिद्धू मात्र शेवटाला हात वर करून म्हणाले, "थांबा बाई. 'ते आले' न्हवं. मी आलो न्हाई. मला उतरिवला."

"म्हणजे?"

"मी म्हाबळेश्वरच्या गाडीत बसलो हुतो. तुमी बोलला ते आयकलं. तोंडावर पटका वढला आन् गप बसलो. शेजारच्यानं बगितलं. त्यो वरडला, ह्यो बगा सृष्टीचा बाप! डायवरनं गाडीच बंद केली. म्हणला, पोर रडतीया, ह्यो उतरल्याबगार गाडी हालत न्हाई. आख्ख्या गाडीनं मला दाराबाहीर काडला."

धोंडुबाई म्हणाल्या, "मला आजपातुर म्हणत हुता, तुज्यासाठी आलो."

मग काय, शेडमध्येच जुंपली. मंगल म्हणाली, ताई, तुझ्या लिखाणात ताकद आहे, इतक्या वर्षांचा संसार मोडायला आला.

रुसून का निघाला होतात, हे मी विचारलं. ते सांगेनात. धोंडुबाईंनी सांगितलं. कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत धोंडुबाईंच्या वडिलांनी चारचौघांत सिद्धूंची चेष्टा केली, आणि धोंडुबाईपण हसल्या. म्हणून माणूस स्ट्रॉबेरीच्या मळ्यात कामाला निघाला होता.

"मग उतरवल्यावर राग गेला का?" मी विचारलं.

"कशाचा जातोय?" सिद्धू म्हणाले. "घर येस्तवर बोललो न्हाई. पर हिच्या पिशवीत भाकरी हुती. भाकर खाताना माणूस किती येळ तोंड फिरवून बसंल?"

ह्यावरून तुम्ही काही अर्थ काढायचा नाही. ही त्यांची हकीकत आहे.

निघताना मी त्यांना एक प्रत दिली. धोंडुबाईंनी दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट केली, वास घेतला. "ह्ये बुक व्हय?"

मी म्हटलं, "आमचे हे म्हणतात, बुक नाही. पुस्तिका आहे."

"पुस्तिका? ती कोण, पुस्तकाची लेक?"

"तसंच काहीसं."

"आवं मग झालं तर. लेक काय ल्हानच ऱ्हातीया का? मोठी हुईल की."

शेडवरून गावात मुक्कामाला येताना गाडीत मी पदराने डोळे टिपत होते. मंगलने विचारलं, डोळ्यात काय गेलं. म्हटलं, बेदाण्याच्या शेडमधला धूर. तिथे गंधकाची धुरी देतात, हे खरं आहे.

चारुशीला


सांगली, ३० मार्च, गुढीपाडवा

अहो,

गुढीची काठी माळ्यावर उजव्या हाताला आहे. पत्र पोचेल तेव्हा पाडवा होऊन गेलेला असेल, हे मला कळतं. तरी लिहिलं.

तुमचं पत्र मिळालं. ह्या वेळी लाल शाई नव्हती. 'ह्या' तसाच ठेवलात. तब्येत बरी आहे ना?

तुम्ही लिहिता की तुम्ही सगळं पुन्हा वाचलंत, ह्या वेळी पेन हातात न घेता. आणि बाविसाव्या पानावर, ते आजोबा स्वतःचंच नाव विसरून खिडकीशी येतात आणि मी 'ज्यांचे आजोबा हरवले आहेत त्यांनी यावे' अशी घोषणा केल्यावर तीन कुटुंबं धावत येतात, तिथे तुम्ही एकटेच मोठ्याने हसलात. शेजारचे बघायला आले. एवढंच लिहिलंत. मग डाळीला फोडणी कशी द्यायची ते विचारलंत.

मोहरी तडतडली की जिरं, मग हिंग. आधी हिंग नाही.

माझं काम झालं आहे. म्हणजे होता होता राहिलं आहे. सहा माणसं सापडली. एकाने ओळखच दिली नाही, कारण तो त्या वेळी दुसरीबरोबर पळून चालला होता आणि आता पहिलीबरोबर सुखात आहे. त्याचं नाव बदललं. सिद्धूंचंही 'ते आले' खोडून 'त्यांना उतरवण्यात आले' केलं. धोंडुबाईंनी तेवढं कबूल करून घेतलं होतं.

सगळं जुळवून यशराजकडे दिलं. त्याने मोजलं आणि डोकं खाजवलं. "काकू, पंधराच भरतंय. शेवटचं पान कोरं ऱ्हातंय."

मी म्हटलं, राहू दे कोरं. तो म्हणाला, "वाईट दिसतंय. मोठं लेखक लोक तिथं कुणाकडनं तरी चार शब्द लिहून घेतात. कुणी जाणकार न्हाईत का तुमच्या ओळखीत?"

मंगल भडंग खाता खाता माझ्याकडे बघत राहिली. अगदी बघतच राहिली.

तर विचारते. एक पान आहे. आजवर एका पानात मावेल असं तुम्ही काही लिहिलेलं नाही, हे ठाऊक असून विचारते. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. फक्त पुरं करून पाठवा. अर्धवट आलं तर पान कोरंच जाईल. त्याबद्दल कोणाला काही सांगणार नाही, पण मला माहीत असेल.

चारुशीला


सांगली, ९ एप्रिल

अहो,

अकरा पानं आली. त्यातली चार पानं तळटिपांची, आणि शेवटी '(अपूर्ण)'.

मी ती परत पाठवते आहे. सोबत बघालच, लाल पेन यशराजच्या टेबलावर होतं. संस्कृत धातू काढले. इराणमधलं कातडं काढलं. "प्रस्तुत लेखिकेचा प्रयत्न स्तुत्य" हे वाक्य दोनदा काढलं. समासात मी एकच शेरा लिहिला आहे, 'तुम्हाला काय वाटतं?'

रागावू नका. मला तुमच्या तळमळीचा राग येत नाही, कधीच आला नाही. रात्रंदिवस तुम्ही एका शब्दासाठी जीव टाकता, म्हणून तर मी तुमच्या चिठ्ठ्या फेकून दिल्या नाहीत, गोळा करून खोक्यात ठेवल्या. पण तुम्हाला भीती वाटते असं मला वाटतं. चिठ्ठी सुटी असेपर्यंत तिची चूक काढता येते. छापली की ती सगळ्यांची होते आणि मग मागून कोणी नाथाजी उठतो. मी त्या हॉलमध्ये उभी होते, तेव्हा मला कळतं ते कसं वाटतं. तरी मेले नाही. उलट सोळा पानं वाढली.

यशराज मंगळवारपर्यंत थांबतो म्हणाला.

चारुशीला

(फोन सुरू केला आहे. तुम्ही केलात तरी मी उचलेनच असं नाही. पण वाजेल.)


सांगली, २१ एप्रिल

अहो,

फोन वाजला तेव्हा मी आंघोळीला गेले होते. मंगलने उचलला. तुम्ही तिला म्हणालात म्हणे, "पान टाकलं आहे, स्पीड पोस्टने." आणि पटकन ठेवून दिलात. ती ओरडली, "ताई, भावोजींनी पान टाकलं!" समोरच्या आजींना वाटलं, तुम्ही पत्ते खेळता.

पाकीट मंगळवारी दुपारी छापखान्यातच उघडलं. यशराजने आधी मागे बघितलं, आणखी काही आहे का. नव्हतं. मग त्याने मोठ्याने वाचलं. मशीनवरचे दोघे जण काम थांबवून ऐकत होते.

'पुस्तक (न.). लिहिणाऱ्याने धीर करून पुरे केलेले आणि लोकांच्या हाती दिलेले लेखन. पृष्ठांची अट नाही. ही अट मी घातली होती, कारण जे मला एवढ्या वर्षांत जमले नाही ते माझ्या घरातच, जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडून झाल्यावर लिहून झाले, हे मला सोसले नाही. उदाहरण : तुमच्या हातात आहे. अनंत आगाशे, सातारा.'

मशीनवरचा एक जण म्हणाला, "ह्ये बेस हाय."

मी यशराजला सांगितलं, एक काना-मात्रा बदलायची नाही. मग बाहेर जाऊन उसाचा रस प्यायले. रसवाल्याने विचारलं, मावशी, बर्फ कमी घालू का, घसा बसलाय.

छापून झालं. पाठ बांधली आहे. नाव पाठीवर आलं आहे, वाचायला चष्मा लागतो. चौसष्टावं पान तुमचं. अभिनंदन, तुम्ही प्रकाशित झालात. यशराजने युनेस्कोचं मोबाइलवर शोधून काढलं. म्हणतो, पाचाच्या आत पानं असली तर ती पुस्तिकासुद्धा धरत नाहीत. मी त्याला गप्प केलं.

गुरुवारी येते आहे. एकटी नाही. धोंडुबाई आणि सिद्धूंना बरोबर घेतलंय. सिद्धूंनी महाबळेश्वर अजून बघितलेलं नाही. त्या दिवशी उतरवला तो उतरवलाच. आता म्हणतात, ह्या वेळी शेवटपर्यंत बसतो. दोन दिवस आपल्याकडे मुक्काम, मग मी त्यांना वरच्या गाडीत बसवून देईन.

मला माहीत आहे, ते उंबऱ्यात पाऊल टाकतील तोच तुम्ही मेंढरांच्या रोगांना, लोकरीच्या जातींना, काठीच्या टोकाला काय काय म्हणतात ते विचारायला चिठ्ठ्या घेऊन धावाल. विचारा. सिद्धू बोलायला बसले की थांबत नाहीत, तुमचं 'प'चं खोकं एका बैठकीत भरेल, आणि मी ह्या वेळी पंखा बंद ठेवेन.

पण आधी पाणी द्या. मग चहा. धोंडुबाईंच्या चहात साखर जास्त. सकाळी बाजारात जाऊन मेथीच्या दोन जुड्या आणा, कोवळ्या बघून. निवडून ठेवा. भाकऱ्या मी येऊन करते.

तुमची,
चारुशीला